तीस लिहिलेला डबा

१२ जानेवारी

काडी,

पत्ता तुझ्या बायकोकडून घेतला. तिच्यावर चिडू नकोस. तेहेतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईने दटावून विचारलं की माणसं सांगून मोकळी होतात. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू "हं" म्हणतोस, मी भाषण करते, आणि दोघांनाही वाटतं की बोलणं झालं.

कामाचं लिहिते. तुझ्या भावोजींना नोव्हेंबरात पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही गेलं. समजतं सगळं. डोळे तसेच मिश्कील आहेत. सध्या ते पुनर्वसन केंद्रात आहेत. मी रोज चार वाजता जाते आणि साडेसहाला मला हाकलतात.

तिथे एक फिजिओथेरपीवाली मुलगी आहे. वय सव्वीस, आवाज फौजदाराचा. मला आवडली. तिने परवा मला समोर बसवून विचारलं, "काकू, यांना पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर घरी कोण घेणार?"

"मी."

"उठून दाखवा बरं. हात न टेकता."

मी खुर्चीच्या हातावर तळवा ठेवला. सवयीने. तिने फक्त माझ्या तळव्याकडे पाहिलं. मग तळवा उचलून प्रयत्न केला, तर अर्ध्यातून परत खाली बसले. एकोणसत्तर वर्षांच्या आयुष्यात मी इतक्या सोप्या परीक्षेत नापास झाले नव्हते.

एप्रिलच्या दहा तारखेपर्यंत मुदत आहे. त्या दिवशी मला तिच्यासमोर यांना पलंगावरून खुर्चीत घ्यायचं आहे. वजन एकाहत्तर किलो. जमलं तर ते घरी येतील. नाही जमलं तर त्यांना कायमचं एका शुश्रूषागृहात ठेवावं लागेल. ते इथून बसने साडेतीन तासांवर आहे आणि भेट फक्त रविवारी. माणूस ठेवा म्हणशील, तर दिवसाची बाई मिळाली आहे. पण उठायचं आणि झोपायचं माणसाला तिच्या वेळेतच लागतं असं नाही.

तू चाळीस वर्षं लोकांची कपाटं, पियानो आणि लोखंडी तिजोऱ्या जिन्यावरून वरखाली करतो आहेस. त्याआधी जे करत होतास तेही मला आठवतं. तेव्हा एवढंच सांग: घरातल्या वस्तूंवर, स्वतःच्या हाताने, म्हातारीने ताकद कशी कमवायची? व्यायामशाळेत जाणार नाही. तिथे आरसे फार असतात.

तुझे सिमेंटचे दोन डबे अजून मागच्या खोलीत आहेत. वर रंगाने लिहिलेलं "३०" स्पष्ट वाचता येतं.

ताई

२ फेब्रुवारी

काडी,

तुझं कार्ड पोचलं. पाच वाक्यं. "पाण्यापासून सुरू कर. पाठ सरळ. दम कोंडू नकोस. दर तिसऱ्या दिवशी विश्रांती. डब्यांना हात लावू नकोस, एकेक तीस किलोचा आहे." यात "कशी आहेस" नाही आणि "ताई"ही नाही, पण सूचना मुद्देसूद आहेत. असा मुद्देसूद तू शाळेत असतास तर माझा घसा वाचला असता.

तर अहवाल. पाच लिटरचे दोन कॅन घेतले. पहिल्या दिवशी दोन्हींत दोन-दोन लिटर पाणी. दर तीन दिवसांनी मापाने अर्धा लिटर वाढवते. कॅन हातात धरून खुर्चीतून उठायचं, बसायचं, असं दहा वेळा. खुर्ची उंच पडू लागली तशी खाली आले. आता न्हाणीतल्या स्टुलावर आहे. दारामागच्या खुंटीला सायकलची जुनी ट्यूब बांधली आहे, ती दोन्ही हातांनी छातीकडे ओढते. पहिल्या आठवड्यात केस विंचरायला हात वर जाईना.

मग लक्षात आलं की कॅनला मूठ असते, यांना मूठ नाही. म्हणून यांची जुनी जाड पँट घेतली, पायांची तोंडं शिवली, पिशव्यांत वाळू बांधून भरली, वर यांचाच शर्ट जोडला. सध्या बावीस किलो भरतो. त्याला पलंगावर बसवते, काखेखालून कवेत घेते आणि वळून खुर्चीत ठेवते. पहिल्या दिवशी तो सटकून पडला आणि खालच्या मजल्यावरच्या बाई धावत वर आल्या.

"अगंबाई, काय पडलं?"

"नवरा," मी म्हटलं.

त्यांनी आत डोकावून पाहिलं. पलंगाखाली शर्ट-पँट घातलेलं धड, मान नाही. बाई दाराला धरून उभ्या राहिल्या. चहा पाजून खाली पाठवलं. आता त्या रोज ओरडून विचारतात, "आज कोणता नवरा उचलताय?"

हे मी केंद्रात जाऊन यांना सांगितलं. यांचं तोंड डाव्या बाजूने हसतं. मग डाव्या हाताने स्वतःच्या शर्टाकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या, म्हणजे माझा कोणता शर्ट घातलास? चौकटीचा म्हटल्यावर रुसले. तो त्यांचा आवडता आहे.

डब्यांना हात लावणार नाही.

ताई

२३ फेब्रुवारी

काडी,

डब्याला हात लावला.

रागावू नकोस. मागच्या खोलीत झाडत होते. तो समोर होता. बुटक्या स्टुलावर सरकवत चढवला, गुडघे वाकवले, पाठ सरळ, दोन्ही हातांनी कवेत घेतला आणि श्वास सोडत उठले. उठले रे! तीन आकडे मोजेपर्यंत धरला आणि हळू ठेवला. गंजाचा डाग पदराला लागला, तो निघणार नाही, न निघू दे.

फिजिओ मुलीला सांगितलं तर म्हणाली, "काकू, छान. पण काका डब्यासारखे स्थिर बसणार नाहीत." ही मुलगी कौतुक करताना शेवटी एक टाचणी टोचतेच. माझ्याकडे शिकली असती तर म्हटलं असतं माझा गुण घेतला.

परीक्षेपुरतं एक नीट सांग. यांना उचलताना माझा पाय त्यांच्या दोन पायांच्या मध्ये हवा की बाहेर? ती म्हणते मध्ये. मला अडखळल्यासारखं होतं.

यांना एक शब्द फुटला आहे. "नको." नर्स औषध घेऊन आली की स्पष्ट म्हणतात. पहिला शब्द हाच यावा यात मला नवल वाटलं नाही.

ताई

९ मार्च

काडी,

तुझं पत्र शनिवारी आलं. पूर्ण पान. पायाचं समजलं: मध्येच, आणि टाच न उचलता. त्याबद्दल आभार.

पुढचं तू लिहिलंस ते असं: "माझ्याकडे कामाला पोरं येतात. विशीतली, धडधाकट. तीस किलोचा गोल डबा कवेत घेऊन सरळ उठायला त्यांना महिना लागतो. तू एकोणसत्तरची आहेस आणि सहा आठवडे झालेत. तो डबा काट्यावर घाल."

मी ते पत्र केंद्रात नेलं, यांना वाचून दाखवलं. मी तिथे थांबले आणि पुढचं पान उलटायचं नाटक केलं. पुढे पान नव्हतं. यांनी डावा हात माझ्या मनगटावर ठेवला, पत्रावर तुझ्या नावावर बोट टेकवलं आणि कितीतरी वेळ ओठ जुळवत राहिले. मग म्हणाले, "सांग."

हा त्यांचा दुसरा शब्द. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी यांना ते सांगितलं होतं. तेव्हापासून एकोणचाळीस वर्षं ते मला वर्षातून एकदा तरी "त्याला सांगून टाक" म्हणत आले, आणि मी दरवेळी भाजी चिरायला उठत आले.

डबा काट्यावर घातला. भंगारवाला हातगाडी घेऊन येतो, त्याच्याकडे टांगायचा काटा आहे. साडेचोवीस. पण मला काट्याची गरज नव्हती. आकडा मला त्रेचाळीस वर्षांपूर्वीच माहीत होता.

तू सतरा वर्षांचा होतास. गल्लीतली पोरं तुला काडीपैलवान म्हणायची आणि तू गच्चीवर सिमेंट कालवून वजनं करायला घेतलीस. रंगाचे दोन रिकामे डबे, मध्ये पाइप. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. डॉक्टर मला म्हणाले होते, वाढत्या वयात इतकं वजन डोक्यावर नेलं तर मणका कायमचा बसतो. तुला सांगितलं तर तू हसलास. पहिल्या डब्याच्या तळाला चार बोटं माल पडला तेव्हा वाळू संपली आणि तू खाली गेलास. मी दूध पावडरचा रिकामा डबा झाकण घट्ट लावून त्या मालात दाबला. तरंगून वर येऊ नये म्हणून त्यावर विटेचे दोन तुकडे आडवे अडकवले आणि वरून मूठभर माल थापला. तू आलास, पाइप उभा केलास आणि बाकीचा भरलास. दुसऱ्या डब्याच्या वेळी वाळू संपली नाही, म्हणून मीच तुला खोटं कारण काढून खाली पाठवलं.

तू वजन काट्यावर केलं नाहीस. डब्याची त्रिज्या, उंची, मालाची घनता घेऊन कागदावर काढलंस, आणि वही माझ्याकडे तपासायला आणलीस. मी ते गणित तपासलं. उत्तर बरोबर होतं. मी खाली लाल शाईने बरोबरची खूण केली.

दोन्ही मिळून अकरा किलो कमी. पाइपासकट पासष्ट डोक्यावर नेतोस असं तू समजत होतास तेव्हा चौपन्न नेत होतास. मला वाटलं होतं, हौस दोन महिन्यांत उतरेल. उतरली नाही. स्पर्धेला नाव दिलंस तेव्हाही सांगता आलं असतं. त्या सकाळी तुला दूध दिलं तेव्हाही. तू सुरुवातीचं वजन पासष्ट सांगितलंस आणि मी तिसऱ्या रांगेत बसून होते. तिन्ही प्रयत्नांत छातीपर्यंत आलं, वर गेलं नाही. तिसऱ्यानंतर तू हातांकडे पाहिलंस, जणू ते दुसऱ्या कोणाचे होते. लोक हसले.

घरी येताना मी काय म्हणाले ते तू विसरला नसशील. "झाली हौस? आता अभ्यासाला लाग." त्या संध्याकाळी तू करवतीने पाइप दोन्ही डब्यांच्या तोंडाशी कापून टाकलास. दोन वर्षांनी ट्रकवर गेलास तो गेलासच.

मणका वाचावा म्हणून केलं, हे खरं आहे. पण नंतर गप्प राहिले ते तुझ्या मणक्यासाठी नव्हे. तू हरल्यावर अभ्यास करशील, असा हिशेब मी केला होता. ते आजवर यांनाही कबूल केलं नव्हतं.

क्षमा मागायची कशी ते मला नीट येत नाही. आयुष्यभर मुलांना मागायला लावली, स्वतः मागितली नाही कधी. मागते.

ताई

३० मार्च

काडी,

तीन आठवडे पत्र नाही. अपेक्षा नव्हती, पण टपालाच्या वेळी खिडकीत उभी असते हे लपवत नाही.

वाळूचा नवरा आता चाळीस किलोचा आहे. याहून जास्त शिवण धरत नाही. स्टुलावरून हात न टेकता पंधरा वेळा उठते. सांगण्यासारखं दुसरं काही नाही आणि दुसऱ्या कोणाला हे सांगावंसंही वाटत नाही.

दहा तारखेला सकाळी अकरा वाजता आहे.

ताई

११ एप्रिल

काडी,

तू वाचशील न वाचशील, काल काय झालं ते तुलाच लिहायला हवं. दुसऱ्या कोणाला कळणार नाही.

फिजिओ मुलगी, एक नर्स, पलंग, खुर्ची. यांना चौकटीचा शर्ट घालून बसवलं होतं. वाळूच्या माणसाचा काढून, धुऊन, इस्त्री करून मी आदल्या दिवशी नेला होता. मी पाय मध्ये ठेवला, टाच टेकली, काखेखालून हात घातले, त्यांच्या कमरेला बांधलेला उचलायचा पट्टा धरला. "अहो, एक, दोन, तीन." आणि उठले. सहज उठले! वळले, बसवलं. नर्सने टाळी वाजवली. मुलगी कागदावर लिहायला लागली.

मी मात्र यांच्या डाव्या पायाकडे पाहत होते. पाऊल जमिनीवर घट्ट रोवलेलं होतं आणि पोटरी अजून थरथरत होती. यांनी चांगल्या पायाने सगळा जोर लावून स्वतःला वर ढकललं होतं. सरावात मुलीने बजावलं होतं, काका, पाय सैल सोडा, काकूंना पूर्ण वजनाची सवय होऊ द्या. सरावात सोडायचे. काल मला पास करायला निघाले होते.

काडी, मला इतका राग आला की कान तापले. तीन महिने घासलं, आणि ह्या माणसाने मला हलकं वजन देऊन फसवलं! चेहऱ्यावर तर काय समाधान. जसं माझ्यासाठी दागिना आणलाय.

आणि मग मी तशीच उभी राहिले. गच्चीवर हात सिमेंटने भरलेले असताना माझा चेहराही अगदी असाच असणार. एवढं तुला लिहायचं होतं. नऊ मार्चच्या पत्रात मी जे लिहिलं ते मला कळलेलं नव्हतं, नुसतं माहीत होतं.

मी म्हटलं, "पुन्हा घेते."

मुलगी म्हणाली, "काकू, झालं की. पास आहात. काकांनी जोर लावला तर उलट चांगलंच आहे."

"ज्या दिवशी यांना ताप असेल, पाय चालणार नाही, त्या दिवशी चांगलं नसेल. मला माझं वजन कळू दे." यांच्याकडे वळून म्हटलं, "अहो, पाय सैल सोडा. मी मास्तरीण आहे, मला कॉपी पकडता येते."

ते हिरमुसले. नर्सने परत पलंगावर बसवलं आणि त्यांनी पाय सैल सोडला.

दुसऱ्यांदा नाही जमलं. वीतभर उचलले आणि माझेच गुडघे मिटले, दोघं पलंगावर बसलो. मुलगी पुढे झाली, मी हाताने थांबवली. तिसरा प्रयत्न उरला होता. तुझ्यासारखाच. त्या क्षणी मला तिसऱ्या रांगेतून दिसलेली तुझी मान दिसली.

दम कोंडला नाही. यांचं डोकं माझ्या खांद्यावर पडलं होतं, पूर्ण वजनाने, झोपलेल्या मुलासारखं. मी उठले. सगळं एकाहत्तर माझं नव्हतं, पट्टा आणि वळणं त्यातलं बरंच खातात हे मला ठाऊक आहे, पण जेवढं माझ्या वाट्याचं होतं तेवढं पूर्ण होतं. वळले. बसवलं. पाय थरथरत होते, पण माझे, त्यांचे नव्हे.

हे रडत होते. मी नाही. मी पट्टा गुंडाळत होते, त्याला बराच वेळ लागला.

मुलीने कागदावर सही केली आणि मला म्हणाली, "काकू, पहिल्या प्रयत्नालाच घरी गेला असतात." या वेळी टाचणी लागली नाही.

एकोणीस तारखेला घरी आणायचे आहेत. आमच्याकडे लिफ्ट नाही, दोन जिने आहेत, मधला वळणाचा. केंद्राची माणसं गाडीतून दारापर्यंतच सोडतात. जिन्यासाठी कोणीतरी बघते आहे.

ताई

१९ एप्रिल, दारावर लावलेली चिठ्ठी

काडी,

तुझं कार्ड काल दुपारी मिळालं. "जिन्याचं दुसऱ्या कोणाला सांगू नकोस. जिने हा माझा धंदा आहे. एकोणीसला दहापर्यंत पोचतो, दोन पोरं आणि पट्टे घेऊन. डबा फोडू नकोस, मी आल्यावर फोडू. मला आत बघायचंय." पुन्हा पाचच वाक्यं. शेवटी पुसट पेन्सिलीने "ताई" लिहिलं आहेस ते आधी दिसलं नाही, चष्मा लावल्यावर दिसलं.

मी यांना आणायला केंद्रात गेले आहे. साडेअकरापर्यंत गाडी येईल. किल्ली खालच्या बाईंकडे आहे. त्यांना आपलं नाव सांग आणि उचलायला आलो आहे म्हण, त्यांना बाकी सगळं माहीत आहे. चहाचं पाणी मोजून ठेवलं आहे, पोरांनाही दे. जिन्याच्या वळणावर कठड्याची एक सळई बाहेर आली आहे, तिथे फडकं बांधून ठेवलं आहे, तरी बघ.

डबे मागच्या खोलीत आहेत. शेजारी हातोडा आणि छिन्नी ठेवली आहे. माझ्याशिवाय सुरू करू नकोस. तू फोडशील तेव्हा मी समोर उभी असेन, तिसऱ्या रांगेत नाही.

आत दूध पावडरचा डबा निघेल. तो स्वच्छ असेल. आत घालण्याआधी मी तो धुऊन, पुसून, उन्हात वाळवून घेतला होता.

ताई